खालच्या पट्टीतली जोनी

डिसेंबर आला की आमच्या फ्लॅटमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे गिझरवरून भांडण. दुसरी म्हणजे माझ्या रूममेटचं 'लव्ह ॲक्च्युअली' बघणं. दरवर्षी. तोच पिक्चर, तीच रजई, तेच टिश्यू. मी नेहमी म्हणते, की हा पिक्चर आता जुना झाला, त्यातले अर्धे पुरुष आजच्या ऑफिसात असते तर एचआरकडे तक्रार गेली असती. ती म्हणते, "गप बस गं, तो सीन येतोय."

तो सीन म्हणजे एमा थॉम्पसनचा. बघितला नसेल तर थोडक्यात सांगते. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला एक नेकलेस सापडलेला असतो. ख्रिसमसचं सरप्राइज, असं समजून बिचारी मनातल्या मनात खूश. प्रत्यक्षात गिफ्ट उघडते तर आत सीडी! नेकलेस ऑफिसातल्या 'दुसरी'कडे गेलेला. ती हसून "थँक्यू" म्हणते, एक मिनिट मागून बेडरूममध्ये जाते, गाणं लावते आणि उभ्या उभ्या रडते. मग डोळे पुसते, पलंगावरची चादर नीट करते आणि बाहेर येऊन पोरांना घेऊन शाळेच्या कार्यक्रमाला निघते. चादर नीट करते, बॉस! आपल्यापैकी कितीजणी ऑफिसच्या वॉशरूममध्ये असं रडून, काजळ नीट करून, पुन्हा मीटिंगमध्ये जाऊन बसल्या आहेत? हात वर करू नका, मला माहितीये.

इतकी वर्षं मी तो सीन एमा थॉम्पसनसाठी बघत होते. यंदा मला पहिल्यांदा ते गाणं ऐकू आलं. म्हणजे खरंच ऐकू आलं. जाड, किंचित घोगरा, खूप काही झाल्यानंतरचा आवाज. मागे ऑर्केस्ट्रा, पण अंतर राखून. मी फोन काढून शोधलं. जोनी मिचेल, 'बोथ साइड्स नाऊ'. त्यात दोन सापडली. एक १९६९चं, एक २०००चं. गाणं तेच, बाई तीच. मी आधी जुनं लावलं. एकटी गिटार आणि काचेसारखा स्वच्छ, उंच उडणारा मुलीचा आवाज. मग नवं लावलं. शप्पथ सांगते, ही त्याच बाईची दोन गाणी आहेत यावर माझा दोन मिनिटं विश्वास बसेना.

तर आजचा कॉलम त्या २०००च्या अल्बमबद्दल. अल्बमचं नावही 'बोथ साइड्स नाऊ'च. तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षांपूर्वीचा अल्बम आता कशाला? थांबा जरा. यात माझी मावशीपण आहे.

जोनी मिचेल ही कॅनडाची. जन्म १९४३चा. साठ-सत्तरच्या दशकात गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्यांची जी पिढी आली, त्यातली पहिल्या रांगेतली. १९७१चा तिचा 'ब्लू' हा अल्बम आजही लोक ब्रेकअपनंतर औषधासारखा घेतात. म्हणजे दुसऱ्याची गाणी गाण्याची या बाईला काहीच गरज नव्हती. पण छप्पन्नाव्या वर्षी तिने काय केलं? लंडनमध्ये सत्तरेक वादकांचा ऑर्केस्ट्रा बसवला, व्हिन्स मेंडोझा नावाच्या अरेंजरकडून त्याचं संगीत लिहून घेतलं आणि बारापैकी दहा गाणी चक्क दुसऱ्यांची गायली. जुनी, तिच्या आईवडिलांच्या काळातली.

अमेरिकेत या गाण्यांना 'स्टँडर्ड्स' म्हणतात. साधारण १९२० ते १९५० या काळात ब्रॉडवेच्या नाटकांसाठी, हॉलिवुडच्या सिनेमांसाठी, नाइटक्लबांसाठी लिहिली गेलेली प्रेमाची गाणी. लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारे शंभर. 'स्टॉर्मी वेदर' घ्या. १९३३चं गाणं. एथेल वॉटर्सने गायलं, लीना हॉर्नने गायलं, बिली हॉलिडेने गायलं आणि प्रत्येकीचं वेगळं. कोणी कोणाची कॉपी करत नाही. उलट, आधीच्यासारखंच गायलात तर लोक विचारतात, मग तू कशाला?

आपल्याकडे नेमकं उलट आहे, नाही का? पाडवा पहाटला जाऊन बघा. निवेदक सांगतो, आता आपण अमुक गाणं ऐकूया. गायिका गाते आणि मध्यंतरात चहा घेताना काकू म्हणतात, "अगदी ओरिजिनलसारखं गायली हो!" ही आपली सर्वात मोठी दाद. तीच पट्टी, तीच हरकत, तोच श्वास. माझी मावशी या दादेवर पंचवीस वर्षं जगली. बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवार कार्यक्रम. ठाणे-डोंबिवलीच्या मंडळांतून तिचं नाव होतं. काळी पाचमध्ये गायची. म्हणजे चांगलीच वरची पट्टी, ज्यांना हार्मोनियम कळते त्यांना सांगते. मग तीन वर्षांपूर्वी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तब्येत ठणठणीत झाली. फक्त वरचे सूर गेले. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं. तेव्हापासून मावशीने गाणं बंद केलं. "ओरिजिनल पट्टीत येत नाही, मग लोकांसमोर कशाला हसं करून घ्यायचं?" पेटीवर तिने क्रोशाचा रुमाल घातला आणि वर टीव्हीचा रिमोट ठेवायला लागली. त्या रिमोटचा मला फार राग यायचा.

असो. अल्बमकडे.

या अल्बमची गंमत अशी की ती नुसती गाण्यांची पिशवी नाही. बारा गाणी एका क्रमाने लावली आहेत आणि तो क्रम म्हणजे एका अफेअरचा ग्राफ आहे. पहिलं 'यू आर माय थ्रिल'. नुसती नजरानजर, अंगावर काटा, डोकं बंद. दुसरं 'ॲट लास्ट', म्हणजे सापडला बुवा एकदाचा. तिसऱ्या 'कम्स लव्ह'मध्ये मजेमजेत धोक्याची सूचना, की बाकी सगळ्यांवर इलाज आहे, यावर नाही. आणि चौथ्याच गाण्यात, 'यू हॅव चेंज्ड'. तू बदललास. फक्त चौथं गाणं! आजकालच्या डेटिंगच्या मानाने तरी बराच वेळ टिकलं म्हणायचं. तिथून पुढे विनवण्या आहेत, मग स्वतःच्या मनाची समजूत आहे, मग जरा मोठेपणा आहे, की माझी काळजी करू नकोस. दहावं 'स्टॉर्मी वेदर', म्हणजे पार अंधार. आणि अकरावं? 'आय विश आय वेअर इन लव्ह अगेन'. परत प्रेमात पडायचंय! ती भांडणं, तो ताप, ते सगळं परत पाहिजे! हे गाणं १९३७चं आहे, रॉजर्स आणि हार्ट या जोडीचं. म्हणजे आपला 'एक्स'ला रात्री दीड वाजता मेसेज करायचा प्रकार इतका जुना आहे.

आणि आता खरी बातमी. हा अल्बम जोनीबरोबर प्रोड्यूस कोणी केला? लॅरी क्लाइनने. लॅरी क्लाइन कोण? तिचा घटस्फोटित नवरा! १९८२ साली लग्न, १९९४ साली घटस्फोट. जस्ट इमॅजिन, तुम्ही स्टुडिओत माइकसमोर उभं राहून 'तू बदललास' गाताय आणि काचेपलीकडे तो बसलाय. आणि गाणं संपल्यावर तो म्हणतोय, छान, अजून एक टेक घेऊया. आपल्याकडे एक्स त्याच ऑफिसात असला तर लोक फ्लोअर बदलून मागतात. मी स्वतः एकदा एका पूर्ण असाइनमेंटवर पाणी सोडलं, कारण फोटोग्राफर 'तो' होता. पैसे बरे होते हो. आता वाटतं, जोनीचा फोटो पर्समध्ये ठेवायला हवा होता.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं. तरुणपणी जोनीचा आवाज वर इतका सहज जायचा की ऐकणाऱ्याला चक्कर यावी. छप्पन्नाव्या वर्षी ते वरचं मजलंच राहिलं नव्हतं. ती लहानपणापासून सिगारेट ओढायची, तीही कायम. कव्हरवरचं चित्र तिने स्वतःच काढलंय, त्यातही ती बारमध्ये बसलेली, समोर ड्रिंक, हातात सिगारेट. आवाज गेला तो धुरामुळे, हे सगळ्या जगाने ठरवून टाकलं. तिला स्वतःला ते फारसं मान्य नव्हतं. लहानपणी झालेला पोलिओ, घशातल्या गाठी, अशी कारणं ती सांगायची. कारण काहीही असो, हिशोब एवढाच की ज्या आवाजावर नाव झालं तो आवाज आता नव्हता.

अशा वेळी बहुतेक गायक काय करतात? एक तर स्टुडिओतल्या मशिनवर सूर ओढून घेतात, नाहीतर कोरसमध्ये लपतात. जोनीने पट्टी खाली घेतली. बस्स. आणि अशी गाणी निवडली, ज्यांना वरच्या सुरांची गरजच नाही. यांना माहितगार आवाज लागतो. 'यू हॅव चेंज्ड' वीस वर्षांच्या मुलीने गायलं तर ती तक्रार वाटते. इथे ती नोंद वाटते. बाई रडत नाही. बघते आणि सांगते. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थोडा फाटतो आणि तो तसाच ठेवलाय. बिली हॉलिडेचा १९५८चा 'लेडी इन सॅटिन' ज्यांनी ऐकलाय त्यांना ही जात ओळखीची वाटेल. तोही असाच, थकलेला आवाज आणि मागे रेशमी व्हायोलिन्स. 'यू हॅव चेंज्ड' त्यातही आहे. जोनीने ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं असेल हे ऐकताना कळतं.

सगळंच भारी आहे असं नाही हां. 'ॲट लास्ट'वर एटा जेम्सचा शिक्का इतका पक्का बसलाय की जोनीचं ऐकताना सारखी ती आठवते. मधल्या दोन-तीन गाण्यांत व्हायोलिन्स जरा जास्तच आहेत. वरणभातावर साजूक तूप कितीही घेतलं तरी कमीच वाटतं हे खरं, पण एका मर्यादेनंतर भात दिसेनासा होतो. आणि हर्बी हॅनकॉक, वेन शॉर्टर असे जॅझमधले दादा लोक पाहुणे म्हणून आलेत, त्यांना अजून थोडी जागा द्यायला हवी होती, असं माझं मत. पण पन्नासेक मिनिटांचा अल्बम आहे. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकल पकडलीत तर साधारण तेवढ्यातच संपतो. शफल मात्र बंद ठेवा. प्लीज.

हा फॉर्म्युला पुढे फार चालला. २००२ साली रॉड स्टुअर्टने स्टँडर्ड्सचा पहिला अल्बम काढला आणि मग एकापाठोपाठ एक काढतच सुटला. तुफान खपले. मी ऐकलेत, छान आहेत, हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखं वाटतं. २०१५ साली बॉब डिलनने सिनात्राची गाणी गायली, तो अल्बम बरा विचित्र आणि म्हणून चांगला आहे. त्याआधीही विली नेल्सनचा १९७८चा 'स्टारडस्ट' होता, लिंडा रॉन्स्टॅटचा १९८३चा 'व्हॉट्स न्यू' होता. रांग मोठी आहे. पण यातल्या बहुतेकांनी जुन्या गाण्यांचा छानसा सूट शिवून घातला. जोनीने त्या गाण्यांच्या रांगेत स्वतःचीही दोन गाणी उभी केली. 'ब्लू'मधलं 'अ केस ऑफ यू' बरोब्बर मध्यावर आणि शेवटी 'बोथ साइड्स नाऊ'.

हे शेवटचं गाणं तिने १९६७ साली लिहिलं. वय तेवीस! ढग, प्रेम, आयुष्य, सगळ्यांच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात, तरी काही कळलेलं नाही, असं सांगणारं गाणं. तेवीसाव्या वर्षी! आपण तेवीसाव्या वर्षी अप्रेझल फॉर्म भरत होतो. जूडी कॉलिन्सने ते आधी गाऊन हिट केलं, जोनीने स्वतः १९६९ साली रेकॉर्ड केलं. याबद्दलचा एक किस्सा जोनीनेच मुलाखतींत सांगितलाय. मेबल मर्सर नावाची नामांकित, वयस्कर गायिका हे गाणं आपल्या कार्यक्रमात गायची. तरुण जोनी ते ऐकून भारावून तिला भेटायला गेली आणि कौतुक म्हणून बोलून बसली, की हे गाणं पोचवायला मोठ्या वयाचीच बाई लागते. मेबलबाई भडकल्या! आता कुठल्या बाईला आवडेल? पण मुलगी बरोबर बोलत होती. आणि तीसेक वर्षांनी ती स्वतःच त्या वयाची झाली आणि स्वतःचं गाणं परत घेऊन आली. जुनं रेकॉर्डिंग साडेचार मिनिटांचं, नवं पावणेसहा. जास्तीचा वेळ कुठे गेला? दोन ओळींच्या मधल्या शांततेत.

२००१ साली या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि या गाण्याच्या अरेंजमेंटसाठी मेंडोझाला वेगळं. २०१५ साली जोनीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून ती अत्यवस्थ झाली. बोलणं, चालणं, गिटार धरणं, सगळं पहिल्यापासून शिकली. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमध्ये ती खुर्चीत बसून पुन्हा गायली, जवळजवळ दोन दशकांनंतरची पूर्ण मैफल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या स्टेजवर, आयुष्यात पहिल्यांदा. वय ऐंशी. दोन्ही ठिकाणी 'बोथ साइड्स नाऊ'. पट्टी अजून खाली. आता १९६९, २००० आणि २०२४ अशी तिन्ही एकापाठोपाठ लावून बघा. (मध्यंतरी तिची बहुतेक गाणी स्पॉटिफायवर मिळत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये कोविडबद्दलच्या खोट्या माहितीच्या वादात तिने काढून घेतली होती, ती मार्च २०२४ मध्ये परत आली.)

मी हा प्रयोग रविवारी मावशीकडे केला. जेवणं झाली होती, काका आत झोपलेले. मी काही न सांगता आधी १९६९चं लावलं.

"गोड आहे गं पोरगी," मावशी म्हणाली. बडीशेप चघळत.

मग २०००चं लावलं. इंग्रजी शब्द तिला सगळे लागत नाहीत. ती डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्यावर म्हणाली, "ही वेगळी बाई. मोठी आहे. हिचं काहीतरी झालंय."

"तीच आहे, मावशी."

तिने डोळे उघडले. "हट्!"

मी फोनवर दोन्ही फोटो दाखवले. तिने गाणं परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग उठली, पेटीवरचा रिमोट उचलून माझ्या हातात दिला, रुमाल काढला आणि भाता सोडून सूर शोधायला लागली. आधी जुन्याचा, मग नव्याचा. "बघ, केवढी खाली आली," असं म्हणत तिने दोन्ही पट्ट्या दाबून दाखवल्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन सुरांमधलं अंतर ऐकू आलं.

"आणि लोक काही बोलले नाहीत? ओरिजिनल पट्टीत का नाही म्हणून?"

"ग्रॅमी दिलं, मावशी."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आमच्या गंगूबाई हनगलांचंही असंच झालं होतं. तरुणपणीच्या त्यांच्या रेकॉर्ड ऐक, बारीक आवाज आहे अगदी. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज असा भरदार, पुरुषी झाला. त्याच आवाजात पुढे अख्खं आयुष्य गायल्या." आणि जरा थांबून, "हे मला माहीत होतं की गं."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने रुमाल परत घातला असता, तेवढी मी तिला ओळखते.

ती गायली वगैरे नाही. सिनेमात गायली असती. तिने नुसता सा लावला, एकेक पट्टी खाली उतरत. मध्ये दोनदा खोकली. एका ठिकाणी थांबली, तिथेच चार-पाच वेळा फिरली. मग काकांच्या चष्म्याखालची जुनी डायरी काढली आणि तबलेवाल्या काकांना फोन लावला. तीन वर्षांनी फोन करतेय, म्हणून आधी दहा मिनिटं त्यांच्या सुनेची चौकशी. मग एकदम मुद्द्यावर.

"भाऊ, तुमच्याकडे पांढरी दोनचा तबला आहे का हो? ... नाही, काळी पाच नको. खालचाच पाहिजे, मोठ्या तोंडाचा. ... बरं, शाई घालायला दिलाय का? मग आला की सांगा. मी रविवारी घरीच असते."